झुंबर झालेली मोट

महामार्गावरच्या नव्या हॉटेलांतून अलीकडे सातारा-सांगलीच्या कारखानदारीचा 'वारसा' सजावट म्हणून मांडला जातो. दर्शनी भिंतीवर लोखंडी नांगर, जिन्यावर कंदिलांची ओळ, कोपऱ्यात बंद पडलेले ऑईल इंजिन. मी अशी दोन-तीन हॉटेले पाहिली. मर्ढेकरांच्या संवाद, विरोध, समतोल या लयींनी तपासले तर मांडणीत खोट काढणे कठीण आहे. काळ्या बिडाला पांढरी भिंत चांगलीच उठाव देते. प्रस्थापित सौंदर्यशास्त्र इथे थांबते आणि आमचा प्रश्न इथून सुरू होतो.

दाखवलेला इतिहास खोटा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला; लोखंडाने जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या गळी नांगर उतरवला. कराडशेजारी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. कूपरांनी साताऱ्यात नांगर आणि इंजिने केली. पाटीवर संस्थापकाचे नाव असते, साल असते. भट्टीपुढे भाजून निघालेला माणूस कोणत्या वस्तीतून येत होता, याला पाटीवर जागा नाही.

एके ठिकाणी चामड्याच्या मोटेत दिवे सोडून झुंबर केले आहे. मेलेले जनावर ओढणारा महार, कातडे कमावणारा ढोर, मोट शिवणारा चांभार, नाडा-सोल वळणारा मांग, एवढी माणसे त्या एका वस्तूत आहेत. कातड्याच्या मोटेने विहिरीचे पाणी बाटत नव्हते. ते बाटत होते ती करणाऱ्यांच्या स्पर्शाने. (हे तर्कशास्त्र कोणत्या शास्त्रीबोवांनी शिकवले, कोण जाणे!)

इंजिन आले, पंप आला, मोट गेली आणि तिच्याबरोबर बलुतेही गेले. त्यासाठी मी गळा काढणार नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाची झडती घेताना यंत्राचीच बाजू घेतली होती. दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे ते इंजिन आमच्याही मुक्तीच्या इतिहासात बसते. सजावटकाराने मात्र मोट आणि इंजिन शेजारी शेजारी ठेवली आहेत, जणू दोघे एकाच गोड जुन्या काळाची भावंडे. एकाने दुसरीला संपवले, हा संघर्षच गाळला. कलेच्या दृष्टीनेही ही उणीव आहे. विरोध-लय खरी तिथेच होती.

आणि उतारूंच्या पाहुणचाराचाही या मुलखाला इतिहास आहे. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे निघालेला भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनावर उतरला. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची. रात्री टोलनाक्यावर जवळ अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशी झोपली.

याच हॉटेलांत बैलगाडीची चाकेही टांगलेली आहेत. त्यांखाली एकही पाटी मला दिसली नाही. कराडकडच्या हॉटेलापासून मसूर फार लांब नाही.