‘ययाति’तील भोगवाद : एक उपेक्षित प्रश्न

नैतिक ऱ्हासाचे चित्रण करणाऱ्या कादंबरीला दोन प्रश्न विचारता येतात. मनुष्य भोगाच्या आहारी का जातो, हा पहिला. आणि त्या भोगाची किंमत कोण मोजतो, हा दुसरा. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार व १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. तिच्यासंबंधीच्या चर्चेत पहिल्या प्रश्नाचा विचार जितका होतो, तितका दुसऱ्याचा होत नाही.

खांडेकरांचे निदान स्पष्ट आहे. कादंबरीला जोडलेल्या विवेचनात त्यांनी ययातीमध्ये आजच्या सामान्य माणसाचे प्रतिबिंब पाहिले आहे. वासना अनावर झाली म्हणून ययातीचा अधःपात झाला आणि संयम हाच त्यावरील उपाय होय, हे कचाच्या व्यक्तिरेखेतून त्यांनी बिंबविले आहे. महाभारतातील ययाति सहस्र वर्षे यौवन भोगून विरक्त होतो. खांडेकरांचा ययाति पुरूचे अकाली वार्धक्य पाहून भानावर येतो. हा बदल मूळ कथेला अधिक मानवी करतो, यात शंका नाही.

परंतु कादंबरीतील घटनाच या निदानाची मर्यादा दाखवितात. ययातीच्या भोगाला केवळ अनावर मन पुरेसे नव्हते. त्यामागे राजसत्ता होती. त्याच्या सहवासात आलेल्या अलकेला प्राणास मुकावे लागते. तो मात्र सिंहासनावर आरूढ होतो. दासींचे शरीर व त्यांचे मौन राजवाड्याने गृहीत धरलेले असते. कथनाची रचनाही येथे लक्षणीय आहे. ययाति, देवयानी व शर्मिष्ठा हे तिघे आपापली कहाणी सांगतात. शर्मिष्ठा दासी झाली असली, तरी जन्माने राजकन्या आहे. अलका किंवा मुकुलिका यांना निवेदनाचा अधिकार लाभत नाही. सामान्य माणसाचे प्रतिबिंब ज्याच्यात पाहावयाचे, तो राजा आहे, याचा विसर येथे पडतो.

या संदर्भात एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) या अमेरिकन कादंबरीचे स्मरण होते. डेझी चालवीत असलेल्या मोटारीखाली मर्टल मरते. तिचा पती विल्सन गॅट्सबीला दोषी समजून त्याची हत्या करतो व स्वतःही प्राण देतो. डेझी आणि तिचा धनाढ्य पती टॉम सुखरूप निघून जातात. मर्टल व विल्सन यांना येथेही निवेदन मिळालेले नाही; तथापि निवेदक निक कॅरवे दोषाचे माप संपत्तीच्या पदरात टाकतो. फिट्झजेराल्ड यांना संयमाचा उपदेश करावयाचा नाही. पैसा माणसाला परिणामांपासून कसा वाचवितो, हे त्यांना दाखवावयाचे आहे. खांडेकरांपाशी पश्चात्तापाची जी शक्यता आहे, ती मात्र टॉम व डेझी यांच्या जगात नाही.

गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून (आजचे छत्रपती संभाजीनगर) चालविलेल्या ‘अस्मितादर्श’ने, ज्यांना बोलू दिले गेले नाही त्यांच्या बाजूने साहित्य वाचण्याची दृष्टी मराठी समीक्षेला दिली. त्या दृष्टीने पाहता ‘ययाति’चे मोल कमी होत नाही, तिचा अर्थ मात्र बदलतो. पुरूला त्याचे यौवन परत मिळते. अलकेचे गेलेले प्राण परत मिळत नाहीत, आणि ययातीच्या पश्चात्तापाचे मूल्यमापन करताना ही गोष्ट हिशेबात धरावी लागते.