घोडीवरचा वक्र

उत्तनच्या किनाऱ्याला लागून असलेल्या पालीत हळदीच्या रात्री कोळीगीतांना कीबोर्डची साथ लागली, की सनई, बासरी, क्लॅरिनेट सगळे एकाच पेटीतून हजर होतात. वाजवणारा त्यांना ‘टोन’ म्हणतो. हे टोन बहुतेक ध्वनिमुद्रित नमुन्यांवर बेतलेले असतात. ते विकत घेतले जातात, पेनड्राइव्हवरून हातोहात फिरतात. घडवले मात्र क्वचितच जातात.

टोन घडवायची विद्या काही नवी नाही. बेल लॅब्जमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये संगणकाकडून सूर काढून घेतला, आणि पुढच्याच टप्प्यावर लाटेचं एक आवर्तन कोष्टकात भरून ते पुन्हापुन्हा वाचायची युक्ती आली. एमआयटीत बॅरी व्हर्को यांनी १९८०च्या दशकात रचलेल्या सीसाउंड या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आजही फुकट वापरता येते. कोष्टकाची १०२४ घरं घ्या. पहिल्या २५६ घरांत शून्यापासून एकपर्यंत सरळ चढ, पुढच्या ५१२ घरांत उणे एकपर्यंत उतार, उरलेल्या २५६ घरांत परत शून्य. झाली त्रिकोणी लाट. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर ४४० हर्ट्झच्या सुरासाठी दर नमुन्याला सुमारे १०.२ घरं पुढे सरकायचं.

खरी गंमत तुकड्यांच्या सांध्यांत आहे. सुरात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूर मिसळलेले असतात, ते स्वरांश. लाटेत थेट उडी असेल तर दहाव्या स्वरांशाची उंची मूळ स्वराच्या साधारण एक दशांश राहते आणि आवाज करवती होतो. उडीऐवजी नुसता कोपरा असेल तर ती एक शतांशावर येते. कोपराही वक्राने घोटला तर वरचे स्वरांश आणखी झपाट्याने विरतात. म्हणजे कागदावरची रेघ कुठे मोडते, यावर कानातली धार ठरते. वक्रांचेही नखरे असतातच. घातांकी वक्राला शून्य चालत नाही, ०.००१सारख्या आकड्यापासून सुरुवात करावी लागते. स्प्लाइन ठरवलेल्या बिंदूंमधून गुळगुळीत जातो खरा, पण मध्येच फुगतो. आणि उडीची लाट वरच्या सप्तकात नेली, की २२,०५० हर्ट्झच्या पलीकडचे स्वरांश उलटे फिरून बेसूर होऊन परततात.

ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये आलेल्या फेअरलाइट या संगणकी वाद्ययंत्राच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने लाट काढता येई. कल्पना झकास, पण लोकांनी डोक्यावर घेतली ती त्याच यंत्रातली नमुने साठवायची सोय. त्यात नवल नाही. डोळ्याला डौलदार दिसणारं आवर्तन जसंच्या तसं फिरत राहिलं, की कानाला ते ऑर्गनसारखं सपाटच लागतं. जर्मनीच्या पीपीजी वेव्ह या सिंथेसायझरने अनेक लाटा ओळीने मांडून एकीतून दुसरीत सरकायची वाट काढली, तेव्हा कुठे जिवंतपणा आला.

जिवंतपणाची दुसरी वाट याआधीच मुंबईत दिसली होती: ‘नागिन’ चित्रपटासाठी (१९५४) कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेच्या कीबोर्डवर बीन वाजवली होती. यंत्राचा आवाज बीनच्या जेमतेम आसपासचा. पटली ती हातामुळे.

तानपुऱ्यापाशी मात्र हात कामाला येत नाही, कारण तिथे वाजवणारा जवळजवळ काहीच करत नाही. करतो तो मिरजेचा कारागीर. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा तो कानशीने किंचित उतरता घासतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, ऐकतो, पुन्हा घासतो. यातून येणारा झणकार म्हणजे जवारी; ती खुली की बंद, हे केसभर फरकावर ठरतं. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकते-उठते आणि स्वरांश वेगवेगळ्या वेळी उमलतात. छेडण्याच्या जागेमुळे जे स्वरांश उमटायलाच नकोत, तेही तानपुऱ्यात उमटतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्येच दाखवलं होतं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या घासण्याचं गणित मात्र अजून आपल्या कीबोर्डांपर्यंत पोचलेलं नाही.

बेलफास्टच्या संशोधकांनी २०१६ मध्ये तानपुऱ्याचं गणिती प्रतिरूप मांडलं, ते तार, दोरा आणि घोडीपासून सुरू होतं. रेषा-वक्रांच्या तुकड्यांची जुनी विद्या इथे नव्याने कामी येऊ शकते. फक्त वक्र काढायचा तो लाटेचा नाही, घोडीच्या माथ्याचा. मिरजेत घासलेल्या एखाद्या घोडीचा उतार मोजून तुकड्यातुकड्यांनी कोष्टकात भरला, तर खुली आणि बंद जवारी ही कीबोर्डवरची दोन बटणं न राहता हवी तेवढी घासून पाहता येईल.