श्रीरामपूरची मराठी आणि भाषापरीक्षेतील प्रमाणाचा प्रश्न

ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण मुलकी सेवकांना मराठी शिकवून तीत त्यांची परीक्षा घेण्याची व्यवस्था महाराष्ट्रात नव्हे, तर कलकत्त्यास आकारास आली. मराठी गद्याच्या इतिहासात ही गोष्ट नोंदली जाते. तिचा अर्थ मात्र क्वचितच तपासला जातो. लॉर्ड वेलस्लीने १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले, ते देशी भाषांची योग्यता सिद्ध केल्याखेरीज सेवकांना जबाबदारीच्या जागा मिळू नयेत या हेतूने. विल्यम कॅरे हा तेथे बंगाली, संस्कृत व पुढे मराठी या भाषांचा अध्यापक होता. नित्य व्यवहारातील संभाषणांची जोड दिलेले त्याचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरच्या (अर्थात बंगालमधील श्रीरामपूरच्या) छापखान्यातून बाहेर पडले. १८१० साली कोश निघाला. ही पुस्तके रसिकांसाठी सिद्ध झालेली नव्हती. परीक्षेस बसणाऱ्या परभाषिकाच्या हाती देण्याची ती साधने होती, आणि त्यांचे मूल्यमापन त्याच कसोटीवर व्हावयास हवे.

परीक्षा मराठीची, परंतु कोणत्या मराठीची? कॅरेचा मुख्य साहाय्यक वैजनाथ पंडित हा नागपूरकडील. यात केवळ योगायोग नव्हता. कटक प्रांत १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्यामुळे कलकत्त्याच्या कारभाऱ्यांना मराठ्यांचे सर्वांत जवळचे राज्य म्हणजे नागपूरचे. कोलब्रुकसारखा संस्कृतज्ञ कंपनीचा वकील म्हणून नागपूरला येऊन गेला होता, आणि १८०४ ते १८०८ या काळात एल्फिन्स्टन येथेच रेसिडेंट होता. तेव्हा कलकत्त्यास जी मराठी ‘मराठी’ म्हणून शिकवली गेली तिचा कल नागपुरी असावा, हे राजकीय भूगोलास धरूनच होते. पुढे मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना श्रीरामपूरचे बायबल आपल्या भागातील लोकांस उमगत नाही असे आढळले व त्यांनी नवे भाषांतर हाती घेतले, याचे एक कारण हेच सांगितले जाते.

या पुस्तकांच्या मराठीवर कृत्रिमतेचा व ओबडधोबडपणाचा आरोप नेहमी होतो. तो निराधार नाही. पण त्यात दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते. पुणेरी वळणाहून वेगळे जे जे आढळते ते नागपुरी, आणि जे नागपुरी ते अशुद्ध, अशी एक आळशी समजूत या आरोपामागे आहे. वस्तुतः ‘सिंहासनबत्तीशी’ (१८१४) वा ‘प्रतापादित्य चरित्र’ (१८१६) यांसारख्या ग्रंथांमागे बंगाली पुस्तके उभी आहेत. प्रतापादित्याचे चरित्र तर रामराम बसूच्या १८०१ मधील ग्रंथावरून घेतलेले. तेथील वाक्यरचनेचा ताठरपणा भाषांतराचा आहे, बोलीचा नव्हे. ज्यास नागपुरी वळणाचा शोध घ्यावयाचा असेल त्याने या भाषांतरांपेक्षा त्याच छापखान्यातून निघालेल्या, नागपूरच्याच विषयावरील ‘रघुजी भोसल्यांच्या वंशावळी’पासून आरंभ करणे अधिक सयुक्तिक ठरेल.

परीक्षेची तयारी करवून घेणारा शिक्षक म्हणून कॅरेचे स्थान मात्र त्याच्या टीकाकारांनी मानले आहे त्याहून वरचे आहे. कारभाराची कागदपत्रे मोडीत असतात हे जाणून त्याने कोशातील मराठी शब्द मोडी खिळ्यांत छापविले. बाळबोध वाचता येणारा पण मोडीपुढे अडणारा अधिकारी कचेरीत निरुपयोगी, हे त्याला कळत होते. संभाषणांची जोडही त्याच जाणिवेतून आलेली. त्याच्या बंगाली ‘कथोपकथना’त (१८०१) मजुरांचे, कोळ्यांचे, भांडणाऱ्या बायकांचे बोलणे आहे. परीक्षार्थ्याने पंडिताची भाषा लिहावी, पण चाकराची व रयतेची भाषा त्याला कळावी, असा हा विवेक होता. नंतरच्या काळात तो फारसा टिकला नाही.

१८१८ नंतर सत्तेचे केंद्र मुंबई-पुण्याकडे गेले आणि प्रमाणही तिकडे गेले. मोल्सवर्थ व कँडी बंधू यांच्या श्रमांचा कोश १८३१ साली आला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली, आणि शालेय पुस्तकांच्या भाषेवर थॉमस कँडीची लेखणी दीर्घकाळ फिरली. या ग्रंथांची थोरवी वादातीत आहे. परंतु नागपुरीची जागा पुणेरीने घेतली ती भाषिक गुणावगुणांच्या तुलनेने नव्हे, हे विसरता कामा नये.

या पालटाचे फळ आज खुद्द नागपुरात दिसते. १९५० च्या कायद्याने मध्यप्रदेश राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा ठरल्या; १९५६ पर्यंत राजधानी राहिलेल्या या शहराच्या कचेऱ्यांत दोन्ही भाषा शेजारी नांदल्या. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, भाषा संचालनालय निघाले, आणि मराठी मातृभाषा नसलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांसाठी एतदर्थ मंडळाची निम्नस्तर व उच्चस्तर मराठी परीक्षा रूढ झाली. हिंदीभाषी कर्मचारी नागपुरात मराठी प्रथम कानाने शिकतो. बाजारात ‘मी जाऊन राहिलो’, ‘तो येऊन राहिला’ हे त्याच्या कानी पडते. स्वतःच्या भाषेतील ‘जा रहा हूँ’शी ते जुळत असल्याने चटकन जिभेवर बसते. परीक्षेच्या पुस्तकात मात्र त्याला ‘जात आहे’ शिकावे लागते. लेखनापुरते हे योग्यच आहे. टिप्पणी वा आदेश प्रमाण भाषेतच हवा. प्रश्न उरतो तो कानाचा. खिडकीशी आलेला कास्तकार ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ असेच बोलणार, आणि त्याचे काम अडते ते कर्मचाऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घापायी नव्हे.

लेखनभाषा व बोलभाषा यांतील अंतर मराठीपुरतेच नाही. फिनलंडची लेखनभाषा एकोणिसाव्या शतकात पश्चिमेच्या व पूर्वेच्या बोलींतून घडविली गेली. परका मनुष्य पुस्तकात ‘मिनॅ ओलेन’ (मी आहे) असे शिकतो आणि हेल्सिंकीच्या रस्त्यावर ‘मॅ ओऽन’ ऐकतो. तेथील १९९४ पासूनच्या राष्ट्रीय भाषापरीक्षेत सहा पायऱ्या आहेत व नागरिकत्वासाठी सामान्यतः तिसरी गाठावी लागते. परंतु मराठीच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की बोलणे, ऐकणे, वाचणे व लिहिणे यांची पायरी प्रमाणपत्रावर वेगवेगळी नोंदविली जाते. एका कौशल्याची उणीव दुसऱ्याच्या आड लपत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. वऱ्हाडी व नागपुरी मान्य केली तर भंडारा-चंद्रपूरकडील झाडीबोलीने काय पाप केले, आणि मग सीमा कोठे घालावी? आक्षेप वजनदार आहे, पण तो बोली ‘बोलून दाखविण्याच्या’ परीक्षेस लागू पडतो. ‘ऐकून समजण्याच्या’ परीक्षेस नव्हे. ज्या जिल्ह्यात नेमणूक त्या जिल्ह्याच्या बोलण्याचे आकलन तपासण्याने प्रमाणभाषेला कोणताच धक्का पोहोचत नाही. उलट तोंडी परीक्षेत ‘येऊन राहिला’ ऐकताच गुण कापणारा परीक्षक नेमके कशाचे मापन करतो, हे स्पष्ट होण्याची गरज आहे.

त्यासाठी आधी एक काम नागपुरातच व्हावयास हवे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली, म्हणजे कॅरेच्या व्याकरणानंतर बरोबर शंभर वर्षांनी, प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडी व नागपुरीचे नमुने आहेत. कॅरेची संभाषणे या नमुन्यांशी शब्दशः ताडून पाहिली, तर त्यांतील बोलीचा अंश किती व बंगाल्यात घडलेला अंश किती, याचा निर्णय आज केवळ समजुतीवर चालतो तसा चालणार नाही.