नोकरीच्या जाहिरातींतील ‘अनुभव’

सॉफ्टवेअर लिहिणारे व वापरकर्त्याचा अनुभव रचणारे कर्मचारी हवेत, अशा ज्या जाहिराती तंत्रज्ञानक्षेत्रातील कंपन्या देतात, त्यांत ‘अनुभव’ हा शब्द बहुधा दोनदा येतो. पदनामात त्याने उपकरण वापरताना माणसाला काय वाटते याचा बोध होतो. अटींत उमेदवाराने नोकरीत काढलेल्या वर्षांचा. एका शब्दाने दोन अर्थांची चाकरी करावी यात वावगे काही नाही. तथापि येथे दोन्ही ठिकाणी तो शब्द अडखळतो आणि त्याचा भुर्दंड उमेदवाराला पडतो.

डॉनल्ड नॉर्मन हे १९९३ साली ॲपल कंपनीत गेले व त्यांनी आपल्या पदनामात ‘यूजर एक्स्पीरियन्स’ हे शब्द योजले. पुढे ही संज्ञा रूढ झाली. आयएसओ ९२४१-२१० या २०१० च्या आंतरराष्ट्रीय मानकाने तिची व्याख्या केली ती अशी की, वस्तूच्या वापराने किंवा वापराच्या अपेक्षेने व्यक्तीच्या ठायी उत्पन्न होणाऱ्या जाणिवा व प्रतिसाद म्हणजे हा अनुभव. मराठीचे व्याकरण याला पुष्टीच देते. ‘मला अनुभव आला’ या वाक्यात अनुभवणारा चतुर्थीत आहे. ‘मी अनुभव घेतला’ म्हटले तरी घेणारा तोच. तिसऱ्याने तो घडविण्यास दोन्ही रचनांत जागा नाही. या पदावरचा मनुष्य प्रत्यक्षात लोकांना काम करताना न्याहाळतो, त्यांना प्रश्न विचारतो, पडद्यावरील मांडणीचे कच्चे आराखडे काढतो आणि ते लोकांपुढे ठेवून कोठे घोटाळा होतो ते पाहतो. जाहिरातीत हे सांगावयाचे सोडून ‘आनंददायी अनुभव निर्माण करणे’ असे लिहिले जाते. आचारी हवा असताना ‘तृप्ती रांधणारा’ हवा म्हणण्यापैकीच हे आहे.

दुसऱ्या अर्थाची गत अधिक गंभीर. शाब्दबोधाच्या प्राचीन विचारात वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी आवश्यक मानल्या आहेत. अग्नीने शिंपण करावे, असे म्हटले तर योग्यतेचा अभाव होतो, कारण शिंपणे अग्नीला शक्य नाही. नवशिक्यांसाठी म्हणून जाहीर केलेल्या पदाला तीन वर्षांच्या अनुभवाची अट घालणारे वाक्य याच जातीचे. गंमत अशी की, तीच जाहिरात उमेदवाराच्या योग्यतेविषयी मात्र अतिशय काटेकोर असते. फास्टएपीआय या प्रोग्रामिंगच्या साधनाचे निर्माते सेबास्तियान रामिरेस यांनी २०२० साली जाहीरपणे सांगितले की, त्या साधनाचा चार वर्षांहून अधिक अनुभव मागणारी एक जाहिरात आपण पाहिली. ते साधन निर्माण होऊनच तेव्हा सुमारे दीड वर्ष झाले होते.

रामिरेस यांना हसता आले. पुण्याच्या हिंजवडीतील पदासाठी इंग्रजी जाहिरात वाचणाऱ्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ते तितके सोपे नाही. अट म्हणजे अट, असे शाळेने तिला शिकविलेले असते. ती अर्जच करीत नाही. अटींपलीकडे जाहिरातीचा सूरही माणसे गाळतो. गॉशर, फ्रीसन व के यांच्या २०११ च्या संशोधनात असे आढळले की, वर्चस्व व स्पर्धा सुचविणाऱ्या शब्दांनी भरलेल्या जाहिराती स्त्रियांना कमी आकर्षक वाटतात. आणि याचे कारण स्वतःच्या कौशल्याविषयीची शंका हे नसून, येथे आपण सामावले जाणार नाही ही भावना हे होय. ‘निंजा’ आणि ‘रॉकस्टार’ मागणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले दिसत नाही.

राहिली आकांक्षा. काम कळले, अटी कळल्या की वाचणाऱ्याला वेतनाची अपेक्षा उत्पन्न होते. तेथे ‘स्पर्धात्मक वेतन’ एवढेच शब्द असतात आणि वाक्य अपुरे राहते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने १ जानेवारी २०२१ पासून जाहिरातीत वेतनाची मर्यादा देणे बंधनकारक केले. त्यावर काही कंपन्यांनी, घरून करावयाच्या कामासाठीही कोलोरॅडोच्या रहिवाशांनी अर्ज करू नये, अशी ओळ जाहिरातीत घातली. या ओळीत संदिग्धता कोठेच नव्हती.