मार्गदर्शकांना मार्गदर्शन कोणाचे? : पदव्युत्तर व संशोधन शिक्षणातील नेतृत्वाच्या प्रशिक्षणाची चिकित्सा

प्रास्ताविक

उच्च शिक्षणाच्या गुणवत्तेची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने अध्यापक आणि विद्यार्थी या दोन घटकांभोवती फिरते. या दोहोंच्या मध्ये उभे असलेले विद्याशाखांचे अधिष्ठाता, पदव्युत्तर विभागप्रमुख आणि महाविद्यालयीन संशोधन केंद्रांचे प्रमुख यांच्या तयारीचा प्रश्न मात्र क्वचितच विचारात घेतला जातो. संशोधक विद्यार्थ्यास कोणता मार्गदर्शक मिळावा, त्याचे काम रखडल्यास कोणी लक्ष घालावे, मार्गदर्शक व विद्यार्थी यांच्यात वितुष्ट आल्यास तोडगा कसा काढावा, यासंबंधीचा प्रत्यक्ष भार याच मंडळींवर पडतो. या जबाबदारीसाठी त्यांना कोणते प्रशिक्षण उपलब्ध आहे आणि ते कामाच्या स्वरूपास कितपत अनुरूप आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रशिक्षण व्यवस्थेची वाटचाल

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना सुरू केली. तेथील उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग आज सेवेत असलेल्या बहुतेक प्राध्यापकांच्या परिचयाचे आहेत. या वर्गांनी अध्यापकांना विषयातील नव्या प्रवाहांची ओळख करून दिली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तथापि त्यांची रचना वर्गात शिकवणाऱ्या अध्यापकासाठी होती आणि पदोन्नतीशी जोडले गेल्यामुळे अनेकांच्या दृष्टीने प्रमाणपत्र हेच त्यांचे साध्य ठरले.

शैक्षणिक नेतृत्वाचा स्वतंत्र विचार त्यामानाने अलीकडचा आहे. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१८ मध्ये लीडरशिप फॉर अकॅडेमिशियन्स प्रोग्रॅम, अर्थात ‘लीप’, हा तीन आठवड्यांचा उपक्रम आखला. त्यांपैकी दोन आठवडे भारतात व एक आठवडा परदेशात अशी त्याची मांडणी होती. पुढे २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि पूर्वीची मानव संसाधन विकास केंद्रे त्यात समाविष्ट झाली.

दोन विषयसूत्रांमधील पोकळी

मालवीय मिशनच्या आठ विषयसूत्रांमध्ये ‘शैक्षणिक नेतृत्व, प्रशासन व व्यवस्थापन’ हे एक सूत्र आहे आणि ‘संशोधन व विकास’ हे दुसरे. वरकरणी ही विभागणी तर्कशुद्ध वाटते. परंतु पदव्युत्तर विभागप्रमुखाचे काम नेमके या दोहोंच्या सीमेवर चालते. नेतृत्वाच्या सूत्रात संस्था, धोरण, मूल्यांकन यांना प्राधान्य मिळणे स्वाभाविक आहे. संशोधनाच्या सूत्रात अध्यापकाचे स्वतःचे संशोधन केंद्रस्थानी राहते. इतरांच्या संशोधनाची व्यवस्था कशी लावावी, हे शिकण्याची जागा दोन्हीकडे दुय्यम ठरते. प्रस्तुत लेखकाच्या मते सद्य व्यवस्थेतील मूलभूत उणीव ही आहे.

नियम आणि विवेक

या उणिवेवर नियमावली हा उपाय आहे, असे मानण्याकडे आपला कल दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी. संदर्भात २००९, २०१६ आणि २०२२ असे तीन वेळा विनियम केले. २०२२ च्या विनियमांनुसार प्राध्यापकास आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार संशोधक विद्यार्थी घेता येतात. संशोधन सल्लागार समितीपुढे विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात प्रगती मांडणे अपेक्षित आहे. सेवानिवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या मार्गदर्शकास नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

हे नियम आवश्यक आहेत, पण ते केवळ मर्यादा सांगतात. आठ विद्यार्थी घेण्याचा अधिकार असलेल्या प्राध्यापकाकडे आठ जणांसाठी वेळ आहे की नाही, हे विनियमावरून कळत नाही. सल्लागार समितीची बैठक ही विद्यार्थ्याची अडचण वेळीच ओळखण्याची संधी ठरते की स्वाक्षऱ्यांचा उपचार, हे अध्यक्षस्थानी बसलेल्या व्यक्तीच्या विवेकावर अवलंबून असते. ग्रामीण भागातील एखाद्या संशोधन केंद्रात विषयाचा एकमेव मार्गदर्शक निवृत्तीच्या उंबरठ्यावर असेल, तर पुढील पाच वर्षांची तजवीज आजच करावी लागते. नियम माहीत असणे आणि ही दूरदृष्टी असणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिली परिपत्रकातून मिळते. दुसरी शिकावी आणि शिकवावी लागते.

एक तुलना

अमेरिकेत १९६१ मध्ये स्थापन झालेली कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स ही संघटना नव्याने पदावर आलेल्या ग्रॅज्युएट डीनसाठी स्वतंत्र प्रशिक्षण घेते. याच संघटनेने पीएच.डी. पूर्ण होण्याच्या प्रमाणाचा दीर्घ अभ्यास केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार सहभागी अभ्यासक्रमांत दहा वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते; अभियांत्रिकीत ते ६४, तर मानव्यविद्यांत ४९ टक्के होते.

तेथील रचना जशीच्या तशी आपल्याकडे आणता येणार नाही. तेथे बहुधा पदव्युत्तर शिक्षणासाठी वेगळे अधिष्ठातापद असते. महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चार विद्याशाखा ठरवल्या. अधिष्ठात्याकडे संपूर्ण विद्याशाखेचा भार असतो. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तेथे किती विद्यार्थी मध्येच थांबतात, हा प्रश्न नेतृत्वाच्या जबाबदारीचा मानला गेला. आपल्याकडे विद्यार्थी थांबला की ते त्याचे वैयक्तिक अपयश समजले जाते आणि त्याचे नाव यादीतून शांतपणे कमी होते.

एक आक्षेप

अनुभव हाच खरा गुरू असून नेतृत्वासाठी प्रशिक्षणाची गरज नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु विभागप्रमुखपद पुष्कळ ठिकाणी आळीपाळीने येते. अनुभव गाठीशी येईतो कार्यकाल संपतो आणि तो लेखी स्वरूपात मागे राहत नाही. शिवाय मार्गदर्शक म्हणून मिळालेला अनुभव हा स्वतःच्या मोजक्या विद्यार्थ्यांचा असतो. सहकाऱ्याच्या विद्यार्थ्याची तक्रार निःपक्षपातीपणे ऐकण्याची सवय त्यातून लागतेच असे नाही.

समारोप

वरील विवेचनावरून तीन सूचना कराव्याशा वाटतात. एक, हे प्रशिक्षण पदोन्नतीची अट म्हणून न देता पदभार स्वीकारल्यानंतरच्या पहिल्या वर्षात द्यावे. दोन, त्यात व्याख्यानांपेक्षा प्रत्यक्ष प्रकरणांच्या चर्चेस अधिक वेळ असावा. तीन, प्रत्येक सहभागी प्रमुखाने आपल्या विभागात दहा वर्षांपूर्वी नोंदणी केलेल्यांपैकी किती जणांना पदवी मिळाली, कितीजण थांबले आणि का थांबले, याची नोंद सोबत आणावी. यासाठी नव्या केंद्राची वा मोठ्या निधीची गरज नाही. विभागातील नोंदवह्या पुरेशा आहेत.

पीएच.डी.साठी किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षांचा अवधी असतो. नोकरी सांभाळून किंवा घरातील पहिला उच्चशिक्षित म्हणून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही वर्षे परत न मिळणारी असतात. ती ज्यांच्या निर्णयांवर अवलंबून आहेत, त्यांच्या तयारीचा विचार करणे हे विद्यापीठांचे प्राथमिक कर्तव्य मानले पाहिजे.