पडदा काढला म्हणून सवलत नाही

जॉन कार्पेंटर यांच्या ‘लॉस्ट थीम्स’ मालिकेचा चौथा भाग २०२४ मध्ये आला. उपशीर्षक ‘नॉयर’. तुकड्यांची नावं वाचूनच जुन्या गुन्हेपटांच्या चाहत्याला गुदगुल्या व्हाव्यात: ‘ही वॉक्स बाय नाइट’, ‘किस द ब्लड ऑफ माय फिंगर्स’. दोन्ही नावं १९४८ च्या दोन चित्रपटांवरून उचलून जरा वाकवलेली. ऐकायला बसलो आणि कळलं की नॉयर नावांपाशीच संपलं आहे. आत तोच सिंथेसायझरचा धडधडता ठेका आणि त्यावर तीच गिटार, जी २०१५ च्या पहिल्या भागापासून चालू आहे. या तुकड्यांची नावं कुणी रातोरात आपसांत बदलून टाकली, तर पत्ता कुणाला लागेल? मला तरी लागणार नाही.

आता सत्तरी ओलांडलेला दिग्दर्शक आपला मुलगा आणि धर्मपुत्र यांना घेऊन हौसेनं वाजवत बसतो, त्यावर एवढं चिडायचं कशाला, असं कुणी म्हणेल. कार्पेंटर यांच्याबद्दल मला आदरच आहे. १९७८ च्या ‘हॅलोविन’ची ती पाच मात्रांची पियानोची धून ज्याला सुचली, त्याला आणखी काही सिद्ध करायचं नसतं. पण ती धून चालली कशामुळे? पडद्यावर अमेरिकेतली एक सुस्त गल्ली दिसत होती, दुपारचं ऊन होतं, कुंपणाआड कुणीतरी उभं होतं. चित्र आळसावलेलं आणि संगीत बेचैन, या दोघांच्या भांडणात भीती होती. संगीतकार कार्पेंटर यांच्यासमोर दिग्दर्शक कार्पेंटर दंड थोपटून उभा होता. ‘लॉस्ट थीम्स’मध्ये तो प्रतिस्पर्धी मैदानातच नाही. चित्र निघून गेलं आणि उरलं ते अर्धंच संगीत, ज्याला आपण अर्धे आहोत याची जाणीवही नाही.

न घडलेल्या चित्रपटांसाठी संगीत रचण्याच्या या सगळ्या प्रकाराचं दुखणं इथेच आहे. पडदा नाही, म्हणजे संगीतकाराला सूट मिळाली, असं बहुतेकांनी धरलं आहे. खरं तर पडदा नसला की त्याचं काम दुप्पट होतं. कोण कुठून आलं, कधी रात्र झाली, दृश्य कुठे तुटलं, हे सगळं आता त्यालाच करायचं असतं. दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि मुख्य म्हणजे संकलक, या तिघांचा पगार त्यानंच घेतलेला असतो.

मूळ पुरुष म्हणून सगळे ब्रायन ईनोकडे बोट दाखवतात, आणि ते बरोबरही आहे. ‘म्युझिक फॉर फिल्म्स’ बाजारात आला १९७८ मध्ये; त्याआधी १९७६ मध्ये त्याच्या पाचशे प्रती काढून त्या चित्रपट करणाऱ्यांकडे पाठवल्या होत्या. म्हणजे हा कलाप्रकार जन्मला तोच कामाच्या अर्जासारखा. ईनोची ती रेकॉर्ड मला अजूनही आवडते, कारण तिच्यातले तुकडे लहान आहेत, दोन-तीन मिनिटांत आवरतात आणि आवरताना थोडं काही तोडून नेतात. त्याच्या वारसांनी त्यातलं तोडणं टाकून दिलं आणि नुसता तरंगण्याचा भाग घेतला. पुढे १९९५ मध्ये यू-टू मंडळींना हाताशी धरून ईनोनंच ‘ओरिजिनल साउंडट्रॅक्स १’ काढला. बँडचं नाव ‘पॅसेंजर्स’ आणि पुस्तिकेत प्रत्येक तुकड्याच्या चित्रपटाची माहिती, त्यातले बरेचसे चित्रपट कधी निघालेच नाहीत. माहिती लिहिणारा सी. एस. जे. बोफॉप, ब्रायन ईनो या इंग्रजी नावातलं प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकवलं की हे नाव तयार होतं. पुस्तिका झकास आहे. रेकॉर्डचा बराचसा भाग मात्र त्या पुस्तिकेवर जगतो.

‘रोम’ या अल्बमबद्दल एवढंच: डेंजर माउस आणि दानिएले लुप्पी यांनी चित्रपटसंगीतकार एन्नियो मोरिकोनेचे म्हातारे वादक गोळा केले, गायिका एद्दा देल्लॉर्सोचा आवाज मिळवला, पाच वर्षं घालवली आणि २०११ मध्ये एक अतिशय महागडं फोटोफ्रेमचं दुकान उघडलं. सिंथवेव्हवाल्यांची तर रांगच आहे. जांभळं आकाश, ताडाची झाडं, निऑनमध्ये न्हालेली मोटार. त्यांचा काल्पनिक चित्रपट हा त्यांनी लहानपणी व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेलाच चित्रपट असतो. त्यात कल्पना कुठे आली?

या सगळ्याच्या उलट टोकाला एक रेकॉर्ड आहे, आणि हा लेख खरं तर तिच्यासाठीच लिहायचा होता. बॅरी अ‍ॅडमसनची ‘मॉस साइड स्टोरी’, १९८९. मॉस साइड ही मँचेस्टरची एक गरीब, बहुतांशी स्थलांतरितांची वस्ती. १९८१ च्या जुलैमध्ये तिथे दंगल झाली तेव्हा ब्रिटनभर तिचं नाव गाजलं. अ‍ॅडमसन तिथेच वाढला. वडील जमैकाचे काळे, आई गोरी इंग्रज. ‘मॅगझिन’ या बँडमध्ये आणि मग निक केव्हच्या ‘बॅड सीड्स’मध्ये त्यानं बेस गिटार वाजवली. मग तो बाजूला झाला आणि एकट्यानं एक गुन्हेपट ‘काढला’, ज्याची फक्त ध्वनिपट्टी अस्तित्वात आहे.

तिच्यातल्या तुकड्यांची नावं झाकून ऐका. सुरुवातीलाच पावलं वाजतात, श्वास ऐकू येतो, किंकाळी येते. आपण कुठल्या गल्लीत आहोत हे वाद्य वाजण्याआधीच कळतं. मग पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकन गुन्हेपटात शोभतील असे ब्रासचे भपके येतात आणि आपण सैलावतो, की चला, ओळखीचा मुलूख लागला. नेमकं तिथेच तो कापतो. पुढच्या तुकड्यात यंत्रांचा कर्कश कोलाहल. मग पुन्हा जॅझ, डोळा मारत चालणारा. मग एक स्फोट म्हणावा असा तुकडा आणि त्याला लागूनच जवळजवळ रिकामी, दवाखान्याच्या मजल्यासारखी थंड शांतता. कुणाला काय झालं हे तो सांगत नाही. पण काहीतरी झालं आहे, आणि झालेलं मागे घेता येणार नाही, हे अंगावर येतं. शेवटाकडे गोडमिट्ट व्हायोलिनं वाजू लागतात तेव्हा त्या गोडव्याची भीती वाटते. कार्पेंटरच्या तुकड्यांची नावं आपसांत बदलली तरी पत्ता लागणार नाही, असं वर म्हटलं; त्यांचा क्रम बदलला तरी काही बिघडत नाही. इथे एक तुकडा हलवा, कथा कोसळते. संकलन म्हणतात ते हे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हॉलिवूडनं पन्नाशीच्या दशकात जॅझचं काय केलं होतं ते आठवा. १९५५ च्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’मध्ये फ्रँक सिनात्रा व्यसनी ड्रमवाला होतो आणि एल्मर बर्नस्टाइनचा ब्रास कर्कशत जातो. तेव्हापासून पडद्यावर सॅक्सोफोन वाजला की प्रेक्षकानं समजायचं: इथे दारू, गर्द किंवा बदफैली बाई आहे. काळ्या लोकांचं संगीत हे गोऱ्या लोकांच्या पापाची पाटी झालं. अ‍ॅडमसननं १९८८ मध्ये तीच बर्नस्टाइनची धून वाजवली, आणि दुसऱ्या वर्षी मॉस साइडच्या रस्त्यांवर तो सगळा मुद्देमाल उधळून टाकला. हॉलिवूडनं उधार नेलेला ब्रास एका काळ्या इंग्रज मुलानं आपल्या गल्लीत परत आणला आणि तिथे घडणाऱ्या गुन्ह्याला लावला. काल्पनिक चित्रपट या प्रकाराचा यापेक्षा टोकदार उपयोग मला माहीत नाही. हा चित्रपट त्या काळी ब्रिटनमध्ये अशा मुलाला कुणी काढू दिला नसता. म्हणून त्यानं तो पडद्याशिवाय काढला. पडदा नसण्याला कारण होतं. खरे दिग्दर्शक पुढे आपणहून त्याच्याकडे आले: १९९२ चा ‘गॅस फूड लॉजिंग’, मग १९९७ मध्ये डेव्हिड लिंचचा ‘लॉस्ट हायवे’.

‘मॉस साइड स्टोरी’च्या दोन वर्षं आधी न्यूयॉर्कमध्ये जॉन झॉर्ननं ‘स्पिलेन’ केला होता. गुन्हेकथाकार मिकी स्पिलेनच्या कादंबऱ्यांतल्या एकेका प्रतिमेचं एकेक कार्ड लिहायचं, वादकांना ते वाजवायला लावायचं आणि तुकडे जोडत पंचवीस मिनिटं भरायची. पाऊस, बार, मारामारी, घंटा, पुन्हा पाऊस. झॉर्न अ‍ॅडमसनपेक्षा जास्त हुशार आहे आणि ते त्याच्या रेकॉर्डमध्ये दिसतं, हा तिचा दोष. पण कापणं म्हणजे रचणं, हे त्याला पुरतं ठाऊक आहे.

आणि याच्या विरुद्ध बाजूला आज जे भरभराटीला आलं आहे ते पाहा. मॅक्स रिक्टरचं ‘ऑन द नेचर ऑफ डेलाइट’ हे २००४ च्या ‘द ब्लू नोटबुक्स’मधलं. रिक्टरनं ते चित्रपटासाठी लिहिलेलं नव्हतं. नंतर ते ‘शटर आयलंड’मध्ये आलं, ‘अरायव्हल’मध्ये आलं, इतरत्र आलं. ‘अरायव्हल’चं बाकीचं संगीत योहान योहानसनचं होतं, आणि या उसन्या तुकड्याचा मतदारांवर परिणाम होईल म्हणून त्याचं काम ऑस्करच्या स्पर्धेतूनच बाद झालं. रिक्टरचा यात काय गुन्हा? काही नाही. गुन्हा आहे तो तेव्हापासून ‘आपलाही एखादा तुकडा असा कुठेही बसावा’ म्हणून लिहू लागलेल्यांचा. कुठेही बसेल असं दुःख, कुठल्याही बाईच्या चेहऱ्यावर, कुठल्याही खिडकीशी. पियानोचे चार सूर, मागे व्हायोलिनचा धुरळा, आणि वर लिहायचं: एका न बनलेल्या चित्रपटासाठी.

हा रोग आता आपल्याकडे आला आहे, आणि आपल्याकडे तो जास्त बोचतो, कारण हे दालन आपण फार पूर्वी, आणि फार चांगलं, उघडलेलं होतं. ‘कॉल ऑफ द व्हॅली’, १९६७. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. आणि एचएमव्हीत बसून त्यामागे उभे राहिलेले आपले जी. एन. जोशी, ज्यांच्या ‘शीळ’नं महाराष्ट्राला भावगीताची चटक लावली ते. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, एवढंच कथानक. त्याची पटकथा आहे ती रागांच्या वेळांत. अहिरभैरव आणि नटभैरव म्हणजे सकाळ. मग पिलू, मग भूप म्हणजे दिवेलागण. देस म्हणजे रात्र चढली. पावलांचा आवाज लागत नाही, निवेदक लागत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात शेकडो वर्षांचं घड्याळ बसवलेलं आहे आणि वादक फक्त काटा फिरवतात. अ‍ॅडमसनला किंकाळी आणावी लागली, इथे भूपाचा एक गंधार पुरतो. ही रेकॉर्ड आज हॉटेलांच्या लॉबीत वाजते, यात तिचा काही दोष नाही.

इलैयाराजांचंही घ्या. चित्रपटांच्या ओझ्याखाली वाकलेला हा माणूस १९८६ मध्ये ‘हाउ टू नेम इट?’ काढतो, चित्रपट नाही, गाणं नाही, त्यागराज आणि बाख यांना समोरासमोर बसवून घातलेला वाद. पुढे बालू महेंद्र यांनी तेच संगीत ‘वीडु’ या तमिळ चित्रपटाला वापरलं. एक मुलगी घर बांधू पाहते, एवढ्याशा गोष्टीला ते पेललं, कारण त्याच्या आत आधीपासून भांडण होतं. कुठल्याही दिग्दर्शकाला आवडावं म्हणून ते लिहिलेलं नव्हतं.

आणि आता? गेल्या काही वर्षांत माझ्या कानावर आलेले आपल्याकडचे कितीतरी तरुण वाद्यसंगीतकारांचे अल्बम स्वतःला ‘सिनेमॅटिक’ म्हणवतात. सारंगी आहे, तिच्यावर इको आहे; कुठून तरी आलेला ड्रोन आहे; चौथ्या मिनिटाला ढोल गडगडतात आणि लगेच ओशाळून थांबतात. सह्याद्रीतल्या धुक्याचं छायाचित्र मुखपृष्ठावर. यात चित्रपट कुठे आहे? पात्र कुठे आहे? काय घडतं? काही घडत नाही, कारण घडवायचंच नाही. हा अल्बम श्रोत्यासाठी केलेलाच नाही. तो केला आहे ओटीटीच्या एखाद्या दिग्दर्शकासाठी, त्यानं ऐकावा, पाचव्या मिनिटाला ‘हे आपल्या खुनाच्या दृश्याला चालेल’ म्हणावं आणि फोन करावा म्हणून. ईनोनं १९७६ मध्ये पाचशे प्रती पाठवल्या तेव्हा निदान तो उघडपणे नमुना होता. आज नमुन्यालाच कलाकृती म्हणतात आणि समीक्षकानं तिच्यापुढे डोळे मिटून बसावं अशी अपेक्षा असते.

पोटासाठी काम मागणं हा गुन्हा नव्हे, हे मला कुणी शिकवायला नको. पण काम मागायचं तर मागा. त्याला अल्बम म्हणू नका. आणि अल्बम म्हणायचंच असेल तर सारंगीवाल्याला एका खोलीत बसवा, त्याला एक माणूस द्या, त्या माणसाला एक अडचण द्या आणि मध्येच ते दृश्य कापा. ज्या देशात चित्रपटानं बाकीचं बहुतेक संगीत गिळून टाकलं आहे, तिथल्या वादकाला चित्रपटाशिवाय चित्रपट करण्याची संधी मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. ती संधी घेऊन तो जर धुकंच वाजवणार असेल, तर त्यानं सरळ दिग्दर्शकाच्या ऑफिसबाहेर बसावं. वाचकांना माझी विनंती एवढीच, की ‘सिनेमॅटिक’ असं लिहिलेली पुढची रेकॉर्ड आली की तिचे तुकडे उलट्या क्रमानं लावून पाहा. काहीच बिघडलं नाही, तर ती बंद करा आणि ‘मॉस साइड स्टोरी’ शोधून काढा.