सुवर्णपिशाच्चाची आख्यायिका आणि तिचे साक्षीमूल्य

प्राचीन दफन-टेकाडांविषयीच्या आख्यायिका म्हणजे लोकस्मृतीने सहस्रावधी वर्षे जपलेला इतिहास होय, या मताच्या पुष्ट्यर्थ वेल्समधील मोल्ड गावाजवळच्या टेकाडाचा दाखला वारंवार दिला जातो. १८३३ साली मजूर तेथील दगड काढीत असता मानवी अस्थींसह पातळ सोन्याचे चिरडलेले आच्छादन सापडले. त्यापूर्वी काही वर्षे एका स्त्रीस सूर्याप्रमाणे तळपणारा सोन्याचा अंगरखा ल्यालेले पिशाच्च या टेकाडाकडे जाताना दिसले होते, अशी कथा आहे. कथा व शोध यांतील साम्य चित्तवेधक खरे; परंतु ते पुराव्याच्या कसोटीस उतरत नाही.

पहिला आक्षेप काळाचा. ही कथा स्थानिक धर्मगुरू क्लफ यांनी लिहून ठेवली ती सोने सापडल्यानंतर. ती पूर्वीची असल्याची ग्वाही ती जमीन कसणाऱ्या लँगफर्डची. आणि सोने पाहिलेल्या माणसाची आठवण त्या दर्शनापासून अलिप्त राहिली असेल, असे गृहीत धरता येत नाही. दुसरा आक्षेप तपशिलाचा. कथेतील पिशाच्च असामान्य आकाराचे आहे, उलट इ. स. पू. १९०० ते १६०० या काळातील ते स्कंधाच्छादन केवळ सडपातळ व्यक्तीच्याच खांद्यांवर बसेल असे आहे. तिसरा आक्षेप नावाचा. टेकाडाचे वेल्श नाव 'ब्रिन अर एल्लिलॉन'. 'ब्रिन' म्हणजे टेकडी, 'एल्लिल' म्हणजे पिशाच्च, आणि 'ऑन' हा बहुवचनाचा प्रत्यय. म्हणजे नावात पिशाच्चे अनेक, कथेत एकच. आणि सोन्याचा तर नावात मागमूसही नाही. जागा झपाटलेली आहे, एवढीच समजूत या नावातून सिद्ध होते.

लोकभयामुळे अशी स्थळे सुरक्षित राहतात, हे विधानही येथे टिकत नाही. नावात पिशाच्चे असूनही कुदळ थांबली नाही. सोन्याचे काही तुकडे मजुरांनी वाटून घेतले, अंबराचे बहुतेक मणी नाहीसे झाले. मोठा भाग १८३६ मध्ये ब्रिटिश म्यूझियमने विकत घेतला. तेथे आच्छादन पोहोचले, टेकाड मात्र गेले. ते सोने कोणत्या स्थितीत मिळाले, हे आज कळते ते प्रामुख्याने क्लफ यांच्याच टिपणामुळे.

तेव्हा आख्यायिका त्याज्य ठरत नाही; तिच्याकडून अपेक्षा मात्र बदलावी लागते. उत्खननात वस्तूचा थर नोंदवावा, तसा कथेचाही नोंदवला पाहिजे : ती कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांत सांगितली, आणि कुदळ लागण्यापूर्वी की नंतर. ही नोंद नसेल, तर कथा जतन होऊनही तिचे साक्षीमूल्य नष्टच होते.